घरगुती फेसपॅक: पहिल्यांदाच बनवणाऱ्यांसाठी

जी वस्तू खाल्लेली चालते ती चेहऱ्याला लावलेलीही चालणारच, या समजुतीवर बहुतेक घरगुती फेसपॅक उभे असतात. ही समजूत अर्धीच खरी आहे. लिंबाचा रस पोटात जातो तेव्हा आधीच आम्ल असलेल्या जठरात मिसळून जातो. चेहऱ्यावर मात्र तोच रस पंधरा-वीस मिनिटं एका जागी ठाण मांडून बसतो, तेही पापण्यांच्या शेजारी. म्हणून या लेखात कृती उशिरा येतील. आधी काय घ्यायचं नाही ते पाहू, मग हात-भांडी आणि चाचणी. एवढं जमलं की लेप कालवणं हे जेमतेम दहा मिनिटांचं काम आहे.

लेपाकडून अपेक्षा किती ठेवायची

घरचा चांगला लेप त्वचेचा वरचा थर थोडा वेळ ओलसर ठेवतो, चेहऱ्यावरचं जास्तीचं तेल शोषतो, खाज किंवा कोरडेपणा असेल तर जरा शांत करतो. हा परिणाम काही तास टिकतो, फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत. वांग, मुरुमांचे खड्डे, सुरकुत्या ही लेपाच्या आवाक्यातली कामं नाहीत. कोणी 'सात दिवसांत डाग गायब' म्हणत असेल तर पुढचं न वाचलेलंच बरं.

कारण साधं आहे. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर हा बाहेरच्या गोष्टी बाहेरच ठेवण्यासाठीच असतो. त्वचाशास्त्रात एक ढोबळ नियम वापरतात: ५०० डाल्टनपेक्षा (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं एकक) मोठा रेणू शाबूत त्वचेतून सहज आत जात नाही. कोलॅजनचा रेणू सुमारे ३ लाख डाल्टनचा असतो. तेव्हा जिलेटिनचा लेप लावून चेहऱ्यात कोलॅजन भरलं जाईल, ही आशा सोडून द्या. गंमत अशी की त्रास देणारे रेणू मात्र अनेकदा चिमुकले असतात. दालचिनीला तिचा वास देणारा सिनॅमाल्डिहाइड अवघा १३२ डाल्टनचा आहे. त्याला आत शिरायला काहीच अडचण येत नाही.

काय घ्यायचं नाही

पहिलं नाव लिंबाचं, कारण तेच सर्वांत जास्त वापरलं जातं. निरोगी त्वचेचा पीएच (आम्लता मोजायचा आकडा; जितका लहान तितकी आम्लता जास्त) साधारण ४.५ ते ५.५ असतो, लिंबाच्या रसाचा २ ते २.५. आकड्यांतला फरक लहान दिसतो, पण या मोजपट्टीवर एक पायरी खाली उतरलं की आम्लता दहा पट होते. म्हणजे हा रस त्वचेपेक्षा शेकडो पट आम्लधर्मी आहे. त्यापेक्षाही वाईट गोष्ट वेगळीच. लिंबूवर्गीय फळांत, विशेषतः त्यांच्या सालीत, फ्युरोकुमरिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखी लाली येते, कधी फोड येतात, आणि तेही लगेच नाही, एक-दोन दिवसांनी. त्यामुळे लिंबावर संशयही जात नाही. फोड बसले की काळपट डाग राहतात आणि ते आठवडे, कधी महिने जात नाहीत. डाग घालवण्यासाठी लावलेलं लिंबूच डाग देऊन जातं. खिडकीच्या काचेआड बसलात म्हणून सुटका होते असंही नाही. ज्या अतिनील किरणांमुळे हे घडतं ती साध्या काचेतून बरीचशी आत येतात.

व्हिनेगरचं तेच. ॲपल सायडर व्हिनेगरच्या पट्ट्या ठेवून त्वचा भाजल्याचे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आहेत. खाण्याचा सोडा दुसऱ्या टोकाला: पाण्यात कालवला की पीएच ८ च्या वर जातो आणि त्वचेचं नैसर्गिक आम्ल आवरण विस्कटतं. लिंबू आणि सोडा एकत्र केल्यावर जो फेस येतो तो फक्त कार्बन डायऑक्साइडचा असतो. त्याने छिद्रं वगैरे काही साफ होत नाहीत.

दालचिनी, लवंग आणि त्यांचे अर्क टाळा. 'चरचरतंय म्हणजे काम करतंय' हे वाक्य जिथे वाचाल तिथे सावध व्हा. चरचरणं ही त्वचेची तक्रार आहे. सुगंधी तेलंही सध्या नकोच. ती फार तीव्र असतात, थेंबांचा हिशोब घरी नीट जमत नाही, आणि टी ट्री तेलासारखं तेल उघडून जुनं झालं की हवेमुळे त्यात बदल होऊन ते अधिक ॲलर्जीकारक बनतं. वर ते पाण्यात मिसळत नाही. पाण्याच्या लेपात टाकलं तर न विरघळलेला थेंब गालावर एकाच ठिकाणी बसतो.

कच्च्या अंड्यात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो आणि लेप लावताना ओठांपर्यंत काही ना काही पोचतंच. साखर, मीठ, कवचांची पूड यांनी चेहरा घासला की बारीक ओरखडे पडतात. डिंक किंवा गोंद घालून केलेला, ओढून काढायचा काळा कोळशाचा पॅक तर मुळीच नको: त्यासोबत लव आणि त्वचेचा वरचा पापुद्राही निघून येतो. टूथपेस्ट दातांसाठी असते.

पपई, केळं, ॲव्होकॅडो, किवी यांबाबत एक खास सूचना. रबराच्या हातमोज्यांची किंवा फुग्यांची ज्यांना ॲलर्जी आहे, त्यांच्यातल्या काहींना या फळांचीही असते. अशांनी ती चेहऱ्यालाही लावू नयेत. कच्च्या पपईचा चीक तर ॲलर्जी नसलेल्यांनाही झोंबू शकतो.

हळदीला नाही म्हणायचं जिवावर येतं, पण नवख्यांनी ती पहिल्या काही लेपांत घालू नये असंच माझं मत आहे. गोऱ्या-सावळ्या कुठल्याही त्वचेवर तिचा पिवळा रंग उतरायला एक-दोन दिवस लागतात, टॉवेल कायमचे रंगतात, काहींना तिची ॲलर्जी असते. शिवाय हळदीच्या पुडीत रंग खुलवण्यासाठी लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचं संयुग, मिसळल्याचं वेगवेगळ्या तपासण्यांत आढळलं आहे. पुढे कधी घालायचीच असेल तर खात्रीच्या ठिकाणची आणि चिमूटभर, चमचाभर नाही.

लेप कोणी लावू नये

जपानमध्ये चेहरा धुण्याच्या एका साबणात गव्हाच्या प्रथिनांचे बारीक केलेले तुकडे घातले होते. तो रोज वापरणाऱ्यांपैकी २००० हून अधिक जणांना गव्हाची ॲलर्जी जडली. आधी गव्हाचे पदार्थ बिनधास्त खाणाऱ्या माणसांना ते खाल्ल्यावर अंगावर गांधी उठू लागल्या, काहींना श्वास घ्यायला त्रास झाला. २०११ मध्ये तो साबण बाजारातून परत बोलावला गेला. साबणातली प्रथिनं खास प्रक्रिया केलेली होती, घरच्या लेपात तशी नसतात; तरी मुद्दा लक्षात घेण्यासारखा आहे. अन्नातली प्रथिनं त्वचेवाटे वारंवार शरीरात गेली, तर शरीर त्यांना शत्रू मानायला शिकू शकतं. त्वचा फाटलेली, सोललेली असेल तर त्यांना वाट आयतीच मिळते.

म्हणून इसब असेल, रोझेशिया (चेहरा वारंवार लाल होण्याचा विकार) असेल, फुटलेल्या पुटकुळ्या असतील, उन्हाने चेहरा भाजला असेल, तर खाण्याच्या वस्तूंचे लेप नकोत, ओट्सचासुद्धा नको. वॅक्सिंग किंवा दाढी केल्यावर निदान दोन दिवस थांबा. रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाच्या जातीचं औषध), मुरुमांवरचं बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा आम्लाची सिरम चेहऱ्याला लावत असाल, किंवा मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, तर त्वचा आधीच पातळ आणि हळवी झालेली असते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही लावू नका. ज्या पदार्थाची खाण्यातून ॲलर्जी आहे तो लेपातही वर्ज्य, यात चर्चेला जागा नाही. आणि लहान बाळांच्या चेहऱ्यावर प्रयोग नकोत. मध तर एक वर्षाखालच्या बाळाच्या तोंडाजवळही नको, कारण त्यातून बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो.

हात, भांडी, पाणी

हात साबणाने २० सेकंद धुवा, नखांच्या खालीसुद्धा. काचेची किंवा स्टीलची वाटी आणि चमचा गरम पाण्याने, साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. पाणी उकळून गार केलेलं घ्या. ब्रश नसला तरी चालतं. धुतलेली बोटं उत्तम, कारण ब्रशच्या केसांच्या मुळाशी जुना लेप अडकून तिथे जंतू वाढतात.

इथे एक गोष्ट हमखास राहून जाते. ओट्स दळायला आपण मिक्सरचं जे भांडं उचलतो त्यात आधी मिरची, मिरी किंवा शेंगदाणे दळलेले असतात. भांडं घासून लख्ख दिसतं, पण झाकणाची रबरी रिंग काढून पाहा: तिच्या खाचेत आणि पात्यांच्या बुडाशी तिखटाचा लालसर थर हमखास सापडतो. तो ओट्समध्ये उतरला की चेहऱ्याची आग आग होते आणि दोष ओट्सना जातो. लेपासाठी वेगळं भांडं ठेवता आलं तर उत्तम, नाहीतर रिंग काढून धुवा.

जिन्नस साधे घ्या: बिनसाखरेचे, बिनसुगंधाचे ओट्स, साधं दही, शुद्ध मध. माती चेहऱ्यासाठी म्हणून विकली जाणारीच घ्या, मग ती मुलतानी असो वा पांढरी केओलिन. कुंभारकामाची किंवा बागेतली माती चालणार नाही. कोणतीही कोरडी माती ओतताना धूळ उडते आणि ती फुफ्फुसांना वाईट, म्हणून डबा नाकापासून लांब धरून हळू ओता. कोरफडीचं ताजं पान कापलं की सालीलगतचा पिवळसर चीक ठिबकतो. तो त्वचेला झोंबतो. पान कापलेली बाजू खाली करून दहा-पंधरा मिनिटं वाटीत उभं ठेवा, चीक निथळू द्या, गर धुऊन घ्या, मगच वापरा.

चाचणी

'रात्री हाताला लावून बघितलं, काही झालं नाही' ही चाचणी पुरेशी नाही. त्वचेवर दोन प्रकारच्या प्रतिक्रिया येतात. एक लगेचची: काही मिनिटांत, फार तर अर्ध्या-एक तासात गांधी, खाज, सूज. दुसरी उशिराची, संपर्कातून होणारी ॲलर्जी. ती दिसायला दोन-तीन दिवसही लागतात. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर ज्या चाचणीपट्ट्या लावतात त्या ४८ तासांनी काढतात, आणि तरीही पुन्हा ९६ तासांच्या सुमारास तपासतात, ते याचसाठी.

घरी असं करा. जो लेप लावणार आहात तोच, तितकाच ताजा कालवून, कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर लावा. चेहऱ्यावर जितका वेळ ठेवणार तितकाच वेळ ठेवून धुवा. जागेवर पेनाने एक टिंब करून ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी कुठे लावलं होतं तेच आठवत नाही. अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची अकादमी नव्या उत्पादनांसाठी असं दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस करायला सांगते. इतका धीर फार थोड्यांना असतो हे मान्य. पण निदान चार दिवस करा, आणि शेवटच्या वेळी तेच कानाच्या मागे किंवा जबड्याच्या कडेला करून बघा, कारण चेहऱ्याची त्वचा हाताच्या त्वचेपेक्षा हळवी असते. लाली, खाज, पुरळ यांपैकी काहीही दिसलं तर तो जिन्नस बाद.

चाचणी एका वेळी एकाच नव्या जिनसाची. पाच वस्तू एकत्र कालवल्या आणि पुरळ उठलं तर कोणामुळे ते कसं कळणार? याच कारणासाठी माझा कल नेहमी एक-दोन जिनसांच्या लेपाकडे असतो.

पहिला लेप: ओट्स आणि पाणी

सुरुवात इथूनच करा. ओट्समध्ये ॲव्हेनँथ्रामाइड नावाची दाह कमी करणारी द्रव्यं असतात, आणि त्यातल्या बीटा-ग्लुकनमुळे पाणी धरून ठेवणारा बुळबुळीत थर तयार होतो. बारीक दळलेल्या ओट्सना अमेरिकेच्या एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) २००३ मध्ये त्वचारक्षक द्रव्य म्हणून मान्यता दिली. घरगुती वस्तूंपैकी इतका भक्कम आधार फार थोड्यांना आहे.

दोन-तीन मोठे चमचे ओट्स कोरडेच दळा. पीठ बारीक चाळणीतून चाळा; वस्त्रगाळ केलं तर आणखी छान. बारीक झालं की नाही ते असं ओळखा: ग्लासभर पाण्यात चमचाभर पीठ टाकून ढवळा. पाणी दुधासारखं पांढुरकं झालं आणि पीठ लगेच तळाशी बसलं नाही, तर दळण जमलं. कण खाली बसले तर पुन्हा दळा, कारण जाड कण चेहऱ्यावर खरखरतात.

एका चेहऱ्याला दोन छोटे चमचे पीठ पुरतं. पाच मिलीचा चहाचा चमचा म्हणजे छोटा चमचा. त्यात तीन छोटे चमचे कोमट पाणी घाला, ढवळा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. ही पाच मिनिटं गाळू नका. लगेच पाहिलं तर मिश्रण पाणचट वाटतं आणि हात आणखी पिठाकडे जातो. थोडं थांबलं की ते आपोआप दाटतं. शेवटी ते सरसरीत हवं: चमचा तिरका केल्यावर एकसंध, सावकाश घरंगळणारं. ओघळ येत असेल तर चिमूटभर पीठ, गोळा होत असेल तर अर्धा चमचा पाणी.

हा लेप दोन-तीनदा निर्धास्त लावून झाला की पाण्याऐवजी साधं दही घेऊन बघता येईल, त्याची वेगळी चाचणी करून. दह्यात लॅक्टिक आम्ल असतं, पण थोडं. दही आंबट झालं असेल तर लेपासाठी घेऊ नका.

दुसरा: माती

हा तेलकट त्वचेसाठी. कोरडी त्वचा असेल तर हा भाग सोडून द्या.

दोन छोटे चमचे पाणी वाटीत घ्या आणि त्यावर तितकीच माती भुरभुरा. उलटं केलं, म्हणजे मातीवर पाणी ओतलं, तर गुठळ्या होतात. मिनिटभर ती आपली आपण भिजू द्या, मग ढवळा. लागेल तसं थेंब थेंब पाणी घाला.

माती वाळेपर्यंत बसून राहायचं, बोललं की तडे गेले पाहिजेत, हा प्रकार बंद करा. पाणी उडतं तशी माती आक्रसते आणि त्वचा ओढल्यासारखी वाटते. त्याला त्वचा घट्ट होणं म्हणत नाहीत. कडा फिकट दिसायला लागल्या आणि मधला भाग अजून गडद ओला आहे, ही धुण्याची वेळ. साधारण पाच ते आठ मिनिटं, हवा कोरडी असेल तर त्याहून कमी. आठवड्यातून एकदा पुरे.

मधाचा लेपही करता येतो. ओल्या चेहऱ्यावर पातळ थर, दहा मिनिटं, कोमट पाण्याने धुणं, बस्स. परागकणांची किंवा मधमाश्यांशी संबंधित कशाची ॲलर्जी असेल तर नको. मध ओघळून मानेवर आणि केसांत जातो, तेव्हा केस आधी बांधा.

लावताना, काढताना

चेहरा सौम्य फेसवॉशने धुऊन टिपून घ्या. डोळ्यांभोवती दोन बोटं जागा सोडा, ओठ आणि नाकपुड्याही सोडा. थर पातळ द्या. जाड थराने जास्त फायदा होत नाही, धुताना मात्र जास्त घासावं लागतं. पहिल्यांदा लावाल तेव्हा पाच मिनिटांवर थांबा, नंतर दहा, पंधराच्या पुढे कधीच नाही. मोबाइलवर गजर लावा, कारण लेप लावून झोप लागते. किंचित गारवा किंवा ताण वाटणं ठीक आहे. आग, चुरचुर, खाज सुरू झाली तर वेळ मोजत बसू नका, उठा आणि धुवा.

काढताना आधी ओल्या मऊ कापडाने लेप भिजवा, मग कोमट पाण्याने बोटांनी सोडवा. वाळलेलं खरवडायचं नाही. चेहरा टिपा, घासू नका, आणि ओलसर असतानाच रोजचं साधं मॉइश्चरायझर लावा. त्या दिवशी सिरम वगैरे नको. दिवसा लेप लावला असेल तर बाहेर पडताना सनस्क्रीन हवंच, आणि ते विकतचंच. घरी बनवलेल्या सनस्क्रीनचा भरवसा नसतो.

वाटीतला उरलेला लेप, विशेषतः माती, बेसिनमध्ये ओतली की पाइप तुंबतो. आधी कागदाने पुसून कचऱ्यात टाका.

उरलं तर

टाकून द्या. पाणी आणि अन्न एकत्र आलं की जंतूंची मेजवानी होते. अनुकूल परिस्थितीत काही जंतू वीसेक मिनिटांत दुप्पट होतात. फ्रीजमध्ये हा वेग मंदावतो, थांबत नाही. वास आला नाही म्हणजे लेप चांगला आहे, असंही धरून चालू नका. लिंबाचे चार थेंब किंवा चमचाभर मध घातल्याने लेप टिकत नाही. विकतच्या क्रीममध्ये परिरक्षक असतात ते याच कामासाठी, आणि त्यांचं प्रमाण प्रयोगशाळेत तपासून ठरवलेलं असतं. कोरडं पीठ किंवा माती मात्र घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत राहते. बरणीवर तारीख लिहा, ओला चमचा घालू नका, गुठळ्या किंवा कुबट वास आला तर सगळं फेका.

त्रास झालाच तर

लेप लगेच भरपूर गार पाण्याने धुवा, साबण न लावता. ओल्या गार कापडाची घडी दहा मिनिटं ठेवा. बर्फ थेट लावू नका. त्यावर उतारा म्हणून दुसरं काहीतरी चोळण्याचा मोह आवरा. पुढचे काही दिवस साधं, सुगंधरहित मॉइश्चरायझर, एवढंच. डोळ्यात गेलं तर स्वच्छ कोमट पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर निघत असल्यास आधी काढा. नंतरही दुखत असेल किंवा धूसर दिसत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, घरघर सुरू झाली, चक्कर आली तर वाट पाहत बसू नका, तातडीची वैद्यकीय मदत बोलवा. फोड आले, पू झाला, किंवा लाली दोन-तीन दिवसांत ओसरायच्या ऐवजी पसरत गेली तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. जाताना लेपात काय काय होतं त्याची यादी, पाकिटांचे फोटो, किती वेळ ठेवला होता आणि पुरळ उठलं त्या दिवशीचा चेहऱ्याचा फोटो सोबत न्या. तपासणीच्या वेळेपर्यंत पुरळ मावळलेलं असतं आणि डॉक्टरांना तोच फोटो उपयोगी पडतो.